संत्र्याची सालं, काडेचिराईत आणि तुमची रविवारची पुरवणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय – घरगुती कॉकटेलवरचा रविवारचा लेख आणि त्यावर गुरुवारी आलेलं वाचकपत्र

आधीच सांगून टाकते, हे पत्र दारूबद्दल आहे आणि लिहिणारी ६१ वर्षांची बाई आहे, तर ज्यांना पान उलटायचं असेल त्यांनी खुशाल उलटावं. परवाना माझ्याही नावाचा आहे आणि ह्यांच्याही, आणि महाराष्ट्रात कडक दारूसाठी जी २५ वर्षं पूर्ण लागतात ती होऊन मला आता ३६ वर्षं झाली, त्यामुळे त्या बाजूने कोणी काळजी करू नये. २६ वर्षं एका ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट होते, पिपेट ब्युरेट धुण्यात हयात गेली, त्यामुळे मोजून ओतायची सवय हाताला लागली आहे आणि अंदाजपंचे लिहिलेलं वाचलं की डोकं फिरतं. तेवढ्यासाठीच हे लिहून राहिली आहे.

तुमच्या पुरवणीत तो लेख आला ना, घरच्या घरी क्लासिक कॉकटेल, त्याच्या खाली एक चौकट होती, हे नसेल तर ते वापरा म्हणून. ग्रेनाडीन नसेल तर गुलाबाचं सरबत, व्हर्मुथ नसेल तर कुठलीही रेड वाईन, टकीला नसेल तर व्हॉडका, आणि बिटर्स (जडीबुटीचा कडू अर्क, कॉकटेलमध्ये थेंबाथेंबाने घालतात तो) नसतील तर सोडून द्या. सोडून द्या! म्हणजे उद्या सावजी रश्श्यात मसाला नसेल तर सोडून द्या आणि त्यालाच सावजी म्हणा. मग गुरुवारी एका वाचकांचं पत्र आलं, ते अगदी दुसऱ्या टोकाचे, की क्लासिक म्हणजे क्लासिक, थेंब इकडचा तिकडे करायचा नाही, ओरिजिनल सामान परवडत नसेल तर गपचूप बिअर प्यावी. मला दोघांचंही पटलं नाही. गेली दोन वर्षं, म्हणजे मुलाने पुण्याहून दिवाळीला शेकर आणला तेव्हापासून, शनिवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी हेच करून राहिली, आणि मला जे कळलं ते एवढंच की ती वस्तू ग्लासात नेमकं काम काय करते हे आधी बघायचं आणि मग तेच काम करणारं दुसरं काही आपल्याकडे मिळतं का ते शोधायचं. रंग बघून किंवा नाव बघून बदलायला गेलात की फसलात.

गुरुवारच्या वाचकांशी आधी बोलते कारण ते जरा तापलेले दिसले. दादा, तुम्ही ज्यांना क्लासिक म्हणता त्यातले कितीतरी असेच झाले आहेत, कोणाकडे तरी काहीतरी नव्हतं म्हणून. न्यू ऑर्लिन्सचं साझरॅक आधी कोन्याकमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या ब्रँडीत व्हायचं म्हणतात, फ्रान्सच्या द्राक्षवेलींना फिलॉक्सेरा नावाची कीड लागली (आपल्याकडे बोंडअळी येते तशी, पण वेलीच्या मुळांना) आणि कोन्याक मिळेना, तेव्हा तिथे राय व्हिस्की आली आणि तीच टिकली. पुढे १९१२ ला अमेरिकेत त्यातच लागणाऱ्या, बडीशेपेच्या वासाच्या अ‍ॅबसिंथवर बंदी आली, मग त्याच्याऐवजीही दुसरं. निग्रोनी म्हणजे अमेरिकानो नावाच्या ड्रिंकमधला सोडा काढून जिन घातलेली, फ्लॉरेन्समध्ये १९१९ ला एका काउंटने मागितली असं सांगतात. त्यातली जिन काढून बर्बन (अमेरिकेची मक्याची व्हिस्की) घातली तर बुलेव्हार्डिए, आणि मिलानच्या एका बारमध्ये जिनऐवजी फसफसणारी वाईन पडली त्याचं नावच स्बाल्यातो, म्हणजे इटालियनमध्ये चुकलेला. ट्रेडर व्हिक नावाच्या अमेरिकन बारवाल्याने १९४४ ला माय ताय नावाचं ड्रिंक केलं ते १७ वर्षं जुन्या एका जमैकन रममध्ये, तिचा साठा संपल्यावर त्यानेच दोन वेगळ्या रम एकत्र करून काम चालवलं. आता बोला, कोणाचं ओरिजिनल धरायचं?

आणि मला सगळ्यात मजा वाटते ती १८०६ सालची. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नावाच्या गावात एक पेपर निघायचा, त्यात कॉकटेल हा शब्द वाचून एका वाचकाने संपादकांना पत्र लिहिलं की हे काय असतं बुवा, आणि संपादकांनी छापून उत्तर दिलं की कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. म्हणजे हा सगळा मामला वाचकांच्या पत्रव्यवहारातूनच सुरू झालेला आहे, तेव्हा मी हे तुम्हाला लिहिते आहे यात वावगं काही नाही. पण त्या उत्तरात बघा, दारू कुठलीही चालेल म्हटलं आहे, बिटर्सला मात्र तसं काही म्हटलेलं नाही, ते पाहिजेच. तुमच्या चौकटीत नेमकं उलटं. पाण्यालाही त्यात नाव घेऊन मोजलं आहे हे लक्षात घ्या, मे महिन्यात नागपूरला घरच्या फ्रिजचा बर्फ ट्रेमधून काढेपर्यंतच ओला होतो, हलवता हलवता दुप्पट पाणी सोडतो आणि मग लोक म्हणतात गूळ घातला म्हणून पाणचट झालं.

तर बिटर्स. आमची अँगोस्टुराची (बिटर्सची नावाजलेली कंपनी) बाटली संपली, दोन दुकानं फिरले, एकाने सांगितलं मॅडम मागवून देतो, तो अजून मागवूनच राहिला आहे. मग रिकामी बाटली घेऊन बसले. कंपनी पूर्ण रेसिपी कोणाला सांगत नाही पण जेन्शियन नावाची कडू मुळी असते एवढं लेबलवरच छापलेलं आहे, आणि जेन्शियन कुठे मिळेल शोधता शोधता कळलं की आपलं काडेचिराईत त्याच कुळातलं आहे, वनस्पतीशास्त्रवाले दोघांनाही जेन्शियनेसीतच घालतात. झालं, इतवारीत काष्ठौषधीच्या दुकानात गेले. तिथे नीट बघून घ्या, हिरवा चिरायता म्हणून भुईनिंब देतात, तो वेगळा, त्याचा कडूपणा घशात बसून राहतो. काड्या पाहिजेत, तपकिरी, आतून जरा पिवळट.

पहिल्यांदा मी काय केलं, एक पव्वा व्हॉडका, त्यात मूठभर काड्या आणि आठ दिवस विसरले. त्या शनिवारी वर्ध्याहून दीर आणि जाऊ आले होते. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी, त्यामुळे भाऊजी नागपूरला आले की जरा उत्साहात असतात. ओल्ड फॅशन्ड केलं, ६० मिली व्हिस्की, चमचाभर साखरेचा पाक, आणि बाटलीतून झटका देतात तसे माझ्या बाटलीतून दोन झटके. भाऊजींनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, वहिनी, मला मलेरिया झाला का? आतल्या खोलीतून सासूबाई, वय ८८, काढा कोणासाठी करून राहिली गं? ह्यांनी काही न बोलता त्यात सोडा ओतला, मग अजून सोडा ओतला, मग मोरीत ओतलं.

सासूबाईंचं काही चुकलं नव्हतं म्हणा. अँगोस्टुरा म्हणजे काढाच, व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावात सीगर्ट नावाच्या जर्मन फौजी डॉक्टरने १८२४ ला सैनिकांच्या पोटासाठी काढलेला. फरक प्रमाणाचा. बाटलीचा एक झटका म्हणजे किती हे मी मग मेजरिंग सिलिंडरमध्ये बघितलं, दहा झटक्यांना आठ-नऊ मिली, म्हणजे एक झटका एक मिलीला थोडा कमी. आता मी असं करते, १०० मिली रम, बोटाच्या दोन पेरांएवढी काडेचिराईताची एकच काडी, दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, दोन हिरव्या वेलच्या ठेचून आणि अर्ध्या संत्र्याची वाळलेली साल. काडी २४ तासांत बाहेर काढायची, बाकीचं पाच दिवस राहू द्यायचं, मग गाळायचं. मेडिकलमधून २ मिलीची सिरिंज आणायची, सुई फेकून द्यायची, एका ग्लासला अर्धा ते एक मिली. अँगोस्टुरासारखी चव येते असं मी म्हणणार नाही, लवंग जास्त बोलते. पण बिटर्सचं जे काम, की गोडाला मागून धरून ठेवायचं आणि दुसरा घोट घ्यावासा वाटायला लावायचं, ते होतं.

आता आंबट. लेखात डायकिरीसाठी मोठे हिरवे इम्पोर्टेड लाइम सांगितले होते. अहो डायकिरी क्युबातली, १८९८ च्या सुमारास तिथल्या डायकिरी गावाजवळच्या खाणीवर एका अमेरिकन इंजिनिअरने केलेली असं सांगतात, रम, लिंबू, साखर, संपलं. आणि तिकडचं जुनं लिंबू, ज्याला वेस्ट इंडियन लाइम म्हणतात, ते आणि आपलं कागदी लिंबू एकच आहे. म्हणजे गोकुळपेठ मार्केटात जे लिंबू भाजीवर फुकट टाकून द्यायचे (पूर्वी द्यायचे, आता उन्हाळ्यात नगावर पैसे घेतात) तेच मूळ आहे, आणि मॉलमधलं ते मोठं बिनबियांचं पर्शियन लाइम हा नंतरचा प्रकार. ग्रेनाडीनचंही तेच. ग्रनाद म्हणजे फ्रेंचमध्ये डाळिंब, ग्रेनाडीन म्हणजे डाळिंबाचा पाक, आणि बाटलीत लाल रंगाचं जे मिळतं त्यातल्या बऱ्याच बाटल्यांमध्ये डाळिंब औषधालाही नसतं. वाटीभर डाळिंबाचा रस, वाटीभर साखर, जरासं लिंबू, उकळायचंही नाही, नुसतं विरघळवायचं. गुलाबाचं सरबत कशाला घालायचं त्यात, दोन्ही लाल आहेत म्हणून?

नागपूरचे म्हटलं की प्रत्येक पाहुणा एकच सांगतो, संत्र्याचं काहीतरी करा ना. मीही केलं, लिंबाचा रस काढून तेवढाच संत्र्याचा रस घातला आणि रम-साखर तीच ठेवली. लहान पोरांच्या तापाच्या औषधासारखं लागलं. कारण साधं आहे, लिंबाच्या रसात सहा टक्क्यांच्या आसपास आम्ल असतं आणि संत्र्यात एक टक्काही नाही, वर त्याची स्वतःची साखर. म्हणजे मी आंबट काढून गोड घातलं आणि गोड होतंच तिथे. यावर उपाय किराण्याच्या दुकानात आहे, निंबूसत, म्हणजे आमच्या लॅबमधलं सायट्रिक अ‍ॅसिड, १०० मिली संत्र्याच्या रसात ५ ग्रॅम. बाहेरचे बारवाले हेच करतात, वर थोडं मॅलिक अ‍ॅसिडही घालतात, सफरचंदात असतं ते, पण घरी नसलं तरी अडत नाही. मग तो रस लिंबाच्या मापाने वापरता येतो. फक्त संत्री हाताने पिळा आणि लगेच वापरा, मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलं की कडू होतो, आणि नुसता ठेवला तरी थोड्या वेळाने कडवट व्हायला लागतो, हा आपल्या संत्र्याचा जुना स्वभाव आहे. कैरीही चालते आंबटासाठी, झकास चालते, पण प्रत्येक कैरी वेगळी, दरवेळी चाखून बघावं लागतं.

खरी मजा संत्र्याच्या सालीत आहे. नागपुरात वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणी भावाबहिणीच्या डोळ्यात संत्र्याची साल पिळलेली आहे, नाही म्हणू नका. तो जो बारीक फवारा उडतो आणि डोळे चुरचुरतात ना, तेच तेल कॉकटेलमध्ये लागतं. अंबिया बहाराचं संत्रं घ्यायचं, दिवाळीनंतरचं, साल इतकी सुटी असते की अंगठा घातला की टोपीसारखी निघते. रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठा तुकडा, रंगाची बाजू ग्लासकडे, दोन बोटांत धरून एकदम वाकवायचा. लाइटखाली बघितलं तर ग्लासातल्या दारूवर बारीक बारीक चकत्या तरंगताना दिसतात. ह्यांना तेवढ्यात काडी पेटवून त्यावर फवारा मारायची हौस आहे, चर्र होतं, एक ठिणगी उडते, आणि स्वयंपाकघरभर जळक्या संत्र्याचा वास. एकदा भुवई जळाली, तेव्हापासून काडी माझ्या हातात असते.

याच सालीचं मी ट्रिपल सेकच्या (संत्र्याच्या सालीची गोड दारू) जागचं काहीतरी करते, मार्गारिटासाठी. सहा संत्र्यांची साल, आतलं पांढरं चमच्याने खरवडून, एक अध्धी (३७५ मिली) व्हॉडका, चार दिवस अंधारात, मग गाळून १५० ग्रॅम साखर १०० मिली पाण्यात विरघळवून त्यात. आता इथे हिशोब करा बरं. आपल्या बाटल्यांवर २५ यू.पी. (अंडर प्रूफ) लिहिलेलं असतं, म्हणजे ४२.८ टक्के. त्यात पाक गेला की सगळं मिळून २८ टक्क्यांच्या आसपास उतरतं, आणि ओरिजिनल ज्या बाटलीच्या जागी आपण हे वापरतो ती ४० ची. म्हणजे तेवढंच मापून घातलं तर ड्रिंक हलकं आणि गोड होणार, दोन्ही एकदम. मी म्हणून टकीला ५ मिली वाढवते आणि वेगळी साखर बिलकुल घालत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तिकडच्या बाटल्यांत कडू संत्र्याची साल असते, आपलं संत्रं गोडुलं, नुसतं वापरलं तर गोळ्या-बिस्किटांचा वास येतो. त्याला वरच्या काडेचिराईताचे पाच थेंब घालायचे, लगेच शहाणं होतं. (जाऊबाईंनी गेल्या दिवाळीत माझी वाळवलेली सालं उटण्यात दळून टाकली, अर्धा किलो संत्र्यांची मेहनत त्यांच्या चेहऱ्याला लागली. बरणीवर आता मार्करने लिहून ठेवलं आहे.)

सदरमधल्या एका बारमध्ये लग्नाच्या वाढदिवसाला मार्गारिटा मागवली होती तर ती निळी आली. विचारलं काहून निळी, तर म्हणे मॅडम ब्ल्यू क्युरासाव आहे, तेही संत्र्याचंच असतं. असतं खरं, क्युरासाव बेटावर स्पॅनिशांनी नेलेली संत्री त्या रुक्ष जमिनीत कडू झाली त्यांच्या सालीचं, पण निळं काही ते संत्रं नसतं, तो नुसता रंग. त्या ग्लासात टकीलाचा वास कुठेच नव्हता आणि बिलात मात्र होता.

अंड्याचं सांगते आणि पुढे जाते. व्हिस्की सावरमध्ये पांढऱ्या भागाने फेस येतो, चव नाही, फेस आणि तोंडात मऊपणा एवढंच काम. कच्चं अंडं खायची भीती वाटते आणि आमच्याकडे एक जोडपं येतं त्यांना श्रावणात अंडं चालत नाही, व्हिस्की चालते, आता यावर मी काय बोलणार. त्यांच्यासाठी छोल्यांचं पाणी. काबुली चणे भिजवून नुसत्या पाण्यात शिजवायचे, मीठ नाही, खायचा सोडा तर अजिबात नाही, नाहीतर साबणासारखं लागतं, आणि ते पाणी आटवून अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट झालं की थंड करून ३० मिली. आधी बर्फाशिवाय दणदणीत हलवायचं, मग बर्फ घालून परत. एका फ्रेंच माणसाला हा शोध लागून अजून फार वर्षं झाली नाहीत, २०१४-१५ च्या आसपासची गोष्ट आहे, आणि आपण पिढ्यान् पिढ्या ते पाणी सिंकमध्ये ओतून राहिलो.

तुलना कशी करायची हे कोणीच लिहीत नाही म्हणून लिहिते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी दोन कटिंगचे ग्लास घेते, एकाला खालून रबर लावते, एकात पुस्तकातलं, दुसऱ्यात माझं, आणि ह्यांच्यासमोर ठेवते. त्यांना माहीत नसतं रबर कशाचं. पहिल्या महिन्यात ते दरवेळी रबरवाल्यालाच चांगलं म्हणायचे, नंतर कळलं की त्यांना वाटायचं रबर म्हणजे महागाचं. आता रबर कधी याला कधी त्याला. याच पद्धतीने ओल्ड मंक आणि गुळाची डायकिरी पास झाली, पण तिसऱ्या खेपेला. पहिल्यांदा पांढरी रम काढून ओल्ड मंक आणि साखर काढून गूळ असं दोन्ही एकदम बदललं आणि २० मिली पाक तसाच ठेवला, तर बासुंदीसारखं जड. ओल्ड मंकमध्ये व्हॅनिलाचा, गोडाचा भास आधीच आहे, त्यामुळे पाकाचं माप निम्मं पाहिजे. ६० मिली रम, २५ लिंबू, १० गुळाचा पाक. ही क्युबाची डायकिरी नाही, मान्य, पण वाईटही नाही, आणि दोन्ही एकदम बदललं असल्यामुळे बिघडलं कशामुळे हे कळायलाच मला दोन शनिवार गेले.

व्हर्मुथबद्दल तुमच्या चौकटीने फारच सोपं केलं आहे. व्हर्मुथ म्हणजे वाईनच, पण वर दारू घालून १६-१७ टक्क्यांना नेलेली, जडीबुटी घातलेली, गोड केलेली. नुसती रेड वाईन घातली की निग्रोनीत गोड गायब, कडू एकटं उरतं. नाशिकची साधी रेड वाईन २०० मिली, ३० मिली ब्रँडी, ४० ग्रॅम साखर, दालचिनी, संत्र्याची साल, काडेचिराईताचं अगदी अर्ध पेर, किंचित कोमट करून रात्रभर. जवळपास जातं. आणि काहीही करा, खरं आणा की घरचं करा, फ्रिजमध्ये ठेवा हो. एकदा मी खऱ्या व्हर्मुथची बाटली उघडून कपाटावर ठेवली, एप्रिलमध्ये, आणि पंधरा दिवसांनी काढली तर व्हिनेगरच्या वाटेला लागलेली. ४५ डिग्रीच्या गावात वाईन कपाटावर ठेवायची म्हणजे दुधाचं पातेलं गच्चीवर ठेवण्यासारखं.

कॉस्मोपॉलिटनच्या क्रॅनबेरीला आपल्या विदर्भात अंबाडीची लाल फुलं आहेत, सरबत करतो ना, तेच कमी साखरेचं. आंबट, तुरट, लाल, तिन्ही कामं एकाच वस्तूत. मॉस्को म्यूलच्या जिंजर बीअरला अद्रकाचा रस आणि सोडा. माय तायला जो बदामाचा पाक लागतो तो आपल्या बदाम सरबताचा सख्खा चुलतभाऊ, फक्त केशर वेलची काढून टाका.

पण काहींना पर्याय नसतो. कॅम्पारीला (निग्रोनीतली ती लाल, कडू दारू) मला सापडला नाही, तीनदा केलं, तीनदा फेकलं. टकीलाला तर नाहीच, ती निळ्या अगेव्हची आणि मेक्सिकोतल्या ठरलेल्या भागातलीच असते, आणि रेल्वेलाइनच्या कडेला आपली घायपात दिसते तीही अगेव्हच असली तरी तिच्यातून घरी काही काढायला जाऊ नका, घरी भट्टी लावणं हा गुन्हा आहे आणि दारू उतरवताना काय चुकलं तर माणूस आंधळा होतो, हे मी केमिस्ट्रीवाली म्हणून सांगते आहे. व्हॉडका घालून मार्गारिटा म्हणण्यापेक्षा व्हॉडकाचंच दुसरं काहीतरी करा, जगात काय कमी आहेत.

मोहफुलांचं लिहायचं राहिलं. गोंदियाकडच्या माझ्या एका जुन्या सहकारी बाई दरवर्षी चैत्रात वाळलेली मोहफुलं आणून देतात, मनुकांसारखी चिकट, वास असा की डबा उघडला की शेजारी विचारतात. १५-२० फुलं कपभर गरम पाण्यात, तासाभराने गाळून तेवढी साखर. ओल्ड फॅशन्डमध्ये साखरेच्या पाकाऐवजी हा पाक एक चमचा. इथे गंमत अशी की आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत मळीची दारू असते, युरोपवाले तिला व्हिस्की म्हणायलाच तयार नाहीत कारण धान्याची नाही, आणि तिला मागून चव म्हणून काही नसते. मोहाने ती भरून निघते. जिनमध्ये मात्र घालू नका, दोन सुगंध एकमेकांशी भांडतात, सवतींसारखे.

आता जे पहिल्याच ओळीत लिहायला पाहिजे होतं ते. लेखातल्या ओल्ड फॅशन्डच्या कृतीत 'बिटर्स २ चमचे' छापलं आहे. ते २ झटके पाहिजे. दोन चमचे म्हणजे १० मिली, जवळपास सहापट. आमच्या खालच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंनी पुरवणी समोर ठेवून अगदी तसंच केलं, आणि त्यासाठी बाटली माझ्याकडून मागून नेली होती, काडेचिराईताची. परत द्यायला आले तेव्हा तोंड अजून वाकडंच होतं आणि दोष माझ्या बाटलीला देऊन राहिले. तेव्हा कृपा करून येत्या रविवारी दुरुस्ती छापा, आणि जरा मोठ्या टायपात, त्यांना चष्मा आहे.

आपली,
एक वाचक,
प्रतापनगर, नागपूर